सारसबाबूची चाल

रत्नाकरराव लघाटे यांच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा डाव्या खिशापेक्षा चार बोटं खोल असे. ओरछा गेटजवळचा त्यांचा नेहमीचा शिंपी न सांगता तसा शिवून देई आणि आतून जाड कापड लावी, कारण साधा खिसा तीन महिन्यांत फाटायचा. तीन वर्षांचे असताना पोलिओ झाला, तेव्हापासून त्यांच्या उजव्या मांडीत जोर नव्हता. त्या पायावर भार आला की गुडघा दुमडायला बघे. तो दुमडू नये म्हणून हाताने मांडी मागे दाबून धरावी लागे. चारचौघांत असं मांडी दाबत चालणं त्यांना नको वाटायचं. म्हणून कॉलेजच्या वयातच त्यांनी युक्ती काढली होती. हात खिशात घालायचा आणि आतल्या आत दाबायचं. बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ खिशात हात घालून ऐटीत चाललेत, पाय जरासा लंगडतो इतकंच. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची चौतीस वर्षं नोकरी झाली. एवढ्या वर्षांत कुणालाही त्या खिशातल्या हाताचं कळलं नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांची एकुलती एक मुलगी तन्वी पुण्यात एका स्टुडिओत कार्टून करायची. पात्रं कशी बसतील, वळतील, चालतील, ते एकामागून एक चित्रं काढून ठरवणं हे तिचं काम. संक्रांतीच्या सुट्टीत ती झाशीला घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिने आईबाबांना लॅपटॉपसमोर बसवलं. गेलं दीड वर्ष मी ज्यावर काम करत होते ते आता मोबाइलवर आलंय, बच्चे लोग पागल झालेत, एवढंच तिने सांगितलं. एरवी हिंदी-मराठी मिसळून न थांबता बोलणारी मुलगी पुढे गप्प बसली आणि पडद्याऐवजी बाबांकडे बघत राहिली.

पडद्यावर दलदल होती. लव्हाळी, चिखल, धुकं. धुक्यातून एक उंच, सडसडीत सारस पक्षी चालत आला. गळ्यात खाकी थैली, चोचीवर चष्मा. तो त्या दलदलीतल्या पाखरांचा पोस्टमन होता आणि सगळे त्याला सारसबाबू म्हणत. त्याचे पंख उडण्याजोगे नव्हते आणि एक पाय अधू होता. उजवं पाऊल पुढे टाकलं की तो पंखाने मांडी दाबायचा, अंग त्या बाजूला झुलायचं आणि डावं पाऊल झटकन पुढे यायचं. दाबणं, झुलणं, झटका. पुन्हा दाबणं, झुलणं, झटका.

शशिकलाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "अगो, हे तर हुबेहूब..." मग त्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

रत्नाकररावांनी पहिल्या तीन पावलांतच ओळखलं होतं. आपली चाल माणसाला कधी बाहेरून दिसत नाही, पण सावलीत दिसते, दुकानाच्या काचेत दिसते, आणि त्यांना आणखी एका ठिकाणी दिसली होती. शाळेत असताना गल्लीतली पाचसहा पोरं त्यांच्या मागे ओळीने मांडी दाबत चालायची आणि त्यांनी वळून पाहिलं की साधी चालू लागायची. त्यामुळे आता ते खुर्चीत ताठ बसले आणि विनोदाची वाट बघू लागले. कुणीतरी पाखरू आता हसेल. कुणीतरी नक्कल करेल. नाहीतर पोस्टमन चिखलात धपकन पडेल आणि मागून गंमतीचा आवाज येईल.

तसं काही झालं नाही. गोष्ट एवढीच होती की एका म्हाताऱ्या कासवीकडे तिच्या मुलाचं पत्र पोचवायचं होतं. ती तळ्याच्या पार पलीकडे राहायची. धुकं इतकं दाट की उडणारी सगळी पाखरं चुकून परत आली. सारसबाबू तेवढा पायी निघाला. त्याच्या चालण्याबद्दल सबंध भागात कुणी चकार शब्द काढला नाही, कीवसुद्धा केली नाही. दर थोड्या अंतरावर तो थांबायचा, पंखाने कुठेतरी दाखवायचा आणि सोबतच्या बगळ्याच्या पिल्लाला म्हणायचा, "ज़रा ये देखिए." कधी कोळ्याच्या जाळ्यावरचं दव असे, कधी चिखलात उमटलेलं कुणाचं पाऊल. पिल्लू डोळे विस्फारून बघे. वरून उडताना यातलं काहीच दिसलं नसतं, असं ते म्हणे. तेवढ्यात सारसबाबूची धाप ओसरलेली असे, आणि दोघं पुढे निघत.

रत्नाकररावांना चालीचं जितकं वाटलं नाही तितकं या थांबण्याचं वाटलं. तन्वी लहान असताना ते तिला ओरछा गेटपासून शाळेत चालत सोडायचे. दीडशे पावलांवर मांडी भरून यायची. बाप थकतो हे पोरीला कळू नये म्हणून ते थांबून तिला काहीतरी दाखवायचे. भिंतीच्या भोकातला पोपट, तारेत अडकलेला पतंग, जुन्या पाटीवरची रंग उडालेली अक्षरं. "तनू, जरा हे बघ." ही युक्ती तर त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

"हे कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडून, बाबा."

"विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो. नाहीच म्हणालो असतो," ते म्हणाले, आणि उठून गच्चीवर उन्हात जाऊन बसले.

पुढचे दोन दिवस घरात कुणी हा विषय काढला नाही. तन्वी आईबरोबर तिळाच्या वड्या थापत होती आणि अधूनमधून जिन्याकडे बघत होती. रत्नाकररावांना राग आला होता का, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. उघडं पडल्यासारखं वाटत होतं. आणि तरी एकदा, दोघी बाजारात गेल्या असताना, त्यांनी आपल्या मोबाइलवर तो भाग शोधून पुन्हा पाहिला. मग आणखी एक पाहिला. दोन्हींत कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुभाषचंद्र कुशवाहांचा फोन आला. हे कारखान्यात क्रेन चालवायचे; निवृत्त झाल्यावर बरुआसागरला आपल्या शेतीत आलं आणि भाजी पिकवत होते. भेट होऊन चार वर्षं झाली असतील. त्यांनी इकडचं तिकडचं न विचारता मुद्द्याला हात घातला. त्यांची सात वर्षांची नात, घरात तिला बिन्नू म्हणत, दसऱ्याच्या सुमाराला पेरूच्या झाडावरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. पण इतके दिवस पडून राहिल्याने मांडीतली ताकद गेली होती. डॉक्टर म्हणत होते, तिला चालू द्या, वाकडं चालली तरी चालेल, सरळ मागाहून होईल. पोरगी मात्र पाऊल टाकायलाच तयार नव्हती. गुडघा एकदा दुमडून पडली होती, त्या भीतीने खाटेवरून उतरत नव्हती. दिवसभर मोबाइलवर एकच कार्टून बघायची.

"लघाटेजी, मैंने देखा तो मैं तो पहचान गया," सुभाषचंद्र म्हणाले. "बिन्नू से कह बैठा कि ये बाबू तो मेरे दोस्त हैं. अब वो रोज पूछती है. एक बार आ जाइए."

रत्नाकररावांना नाही म्हणायचं होतं. पण गुडघा दुमडून पडायची भीती काय असते, हे त्यांना चांगलं माहीत होतं. बरुआसागरला एका जुन्या मित्राकडे जाऊन येतो, एवढंच घरी सांगून रविवारी सकाळी त्यांनी बस धरली.

कुशवाहांच्या अंगणात नुकतंच खणलेलं आलं पसरलं होतं. सगळ्या घराला त्याचा ओला, तिखट वास होता. पलीकडच्या भिंतीशी खाटेवर मुलगी बसली होती, पायांवर रजई. दारापासून खाटेपर्यंत पंधराएक पावलं असतील. रत्नाकरराव सवयीप्रमाणे हात खिशात घालून चालू लागले. मुलीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, ती पायांकडे बघत होती. तिचं तोंड हळूहळू उघडलं. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकताना माणसं जशी बघतात, तशी ती बघत होती. असं रत्नाकररावांच्या पायाकडे जन्मात कुणी पाहिलं नव्हतं.

ते जवळ आल्यावर ती आजोबांना हळू आवाजात म्हणाली, "दादा, ये तो सच्ची के हैं." मग धीर करून तिने त्यांनाच विचारलं, थैला कुठे आहे. आज इतवार, डाक बंद, असं त्यांनी सांगितलं. ते तिला पटलं. पण तिची दुसरी शंका मोठी होती.

"पंख जेब में काए रखे?"

हात खिशात का, हा प्रश्न पन्नास वर्षांत रत्नाकररावांना कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता. सात वर्षांच्या मुलीला सांगता येईल असं एकही कारण सापडेना. त्यांनी हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि अंगणात एक फेरी मारली. दाबणं, झुलणं, झटका. कुशवाहांची सून चुलीपाशी उठून उभी राहिली. हात मोकळा असला की जोर नीट लागतो, पाऊल जास्त भरवशाचं पडतं, हे त्यांच्याही ध्यानात आलं. फेरी संपून ते वळले तेव्हा बिन्नूने रजई बाजूला केली होती.

ती उभी राहिली ती आजोबांचा दंड धरून. डावा हात तिने डाव्या मांडीवर ठेवला, कारण तिचा डावा पाय मोडला होता. हाताचा तळवा कुठे ठेवायचा, भार येताच दाबायचं, उशिरा दाबून उपयोग नाही, हे सारं रत्नाकररावांनी तिला वाकून दाखवलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनीही आजवर कुणाला शिकवलं नव्हतं. तिने एक पाऊल टाकलं. गुडघा थरथरला, पण हाताखाली टिकला. ती आजोबांकडे बघून हसली नाही, तिने कुणाकडेच बघितलं नाही. तिने लगेच दुसरं पाऊल टाकलं.

अंगणात दोन फेऱ्या झाल्यावर तिने तळ्यावर जायचं म्हटलं. घरापासून तळ्याचा बांध पन्नासएक पावलांवर होता. जुन्या दगडांचा, बैलगाडी जाईल एवढा रुंद. सुभाषचंद्र पाठीमागून हात पुढे धरून चालत होते. बारा पावलांवर बिन्नू थांबली. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. आता पडणार ही भीती रत्नाकररावांनी ओळखली. ते तिच्याशेजारी थांबले आणि म्हणाले, "ज़रा ये देखिए." बोट कुठे दाखवायचं हे ठरलेलं नव्हतं. बोटासमोर दगडांच्या सांधीत एक गोगलगाय शंख पाठीवर घेऊन चढत होती आणि तिच्यामागे ओली चंदेरी रेघ पडत होती. बिन्नूने ती रेघ खालपासून वरपर्यंत पाहिली. मग ती पुढे निघाली. पुढच्या थांब्यावर तिनेच काहीतरी दाखवलं, आणि त्याच्या पुढच्यावर पुन्हा तिनेच.

बांधावर पोचले तेव्हा मागून पावलं वाजली. रत्नाकररावांनी वळून पाहिलं. गल्लीतली सहासात पोरंपोरी एका ओळीत त्यांच्या मागे येत होती. प्रत्येकाचा हात मांडीवर. दाबणं, झुलणं, झटका.

पंचावन्न वर्षं मधून कुणी काढून टाकावीत तसं झालं. आता मी बघितलं, आता ही साधी होतील आणि पळतील, असं त्यांना वाटलं. पण पोरं साधी झाली नाहीत. त्यांच्याकडे बघूनही ती तशीच चालत आली, गंभीरपणे, ओठ घट्ट मिटून, पाऊल बरोबर पडतंय का ते बघत. सगळ्यात पुढच्या पोरीच्या गळ्यात कापडी पिशवी होती. एक पोरगा चुकून उजवा हात डाव्या मांडीवर ठेवत होता, तर मागच्या मुलीने त्याला अडवून हात बदलून दिला. खेळताना कुणी पैलवान होतं, कुणी शिपाई होतं, तशी ही पोरं सारसबाबू होत होती. शाळेतल्या त्या ओळीत आणि या ओळीत बाहेरून तसूभर फरक नव्हता.

रत्नाकरराव बांधाच्या कठड्याला टेकले. तळ्याचं पाणी पलीकडच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत शांत पसरलं होतं आणि काठावर ती ओळ त्यांचीच चाल चालत पुढे गेली, बिन्नू त्यांच्यात मिसळली, आणि आता खरोखर अधू पाय कुणाचा हे लांबून सांगता येईना. एवढी मोठी गोष्ट आपल्या अंगात होती आणि आपण ती खिशात घालून हिंडलो, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, पण ते शब्दांत पुरतं बसलं नाही.

सुभाषचंद्र शेजारी येऊन उभे राहिले. ते म्हणाले की क्रेनच्या केबिनमधून खालचं सगळं दिसायचं. लघाटेजी क्रेनखालच्या शेडमधून ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन पलीकडे जायला निघाले की ते उचललेला माल तिथेच थांबवायचे, लघाटेजी पार होईपर्यंत. खिशातल्या हाताचंही त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"कभी कहा नहीं," रत्नाकरराव म्हणाले.

"आप छुपाते थे, तो हमने भी नहीं देखा."

संध्याकाळच्या बसने ते घरी आले. दार तन्वीने उघडलं. त्यांनी चहा घेतला आणि मग बायको आणि मुलगी दोघींना बसवून बिन्नूपासून बांधावरच्या ओळीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना मधेच शशिकलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. चारसहा महिन्यांत त्या मुलीच्या मांडीत ताकद येईल, मग तिला ही चाल लागणार नाही, असं ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांना फार बरं वाटत होतं. मग त्यांनी तन्वीला विचारलं, थांबण्याचं तुला केव्हा कळलं.

"पाचवीत असेन," तन्वी म्हणाली. "पण बाबा, तोवर मला सवय लागली होती. तुम्ही थांबायची मी वाट बघायची. माझ्या मैत्रिणी रिक्शाने यायच्या, त्यांना तो पोपट माहीतच नव्हता."

रत्नाकररावांनी मान हलवली. मग ते म्हणाले की तू हे काढतेस कसं, ते मला बघायचंय.

तिने लॅपटॉप आणला. रंग नाही, चष्मा नाही, थैली नाही. नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. सारसबाबूचं एक पाऊल म्हणजे बारा चित्रं, ती म्हणाली, आणि तिने ती एकेक करून पुढे सरकवली. चौतीस वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासलेला माणूस चष्मा पुसून पुढे झुकला. पहिल्यात उजवं पाऊल जमिनीला लागत होतं. तिसऱ्यात भार सरकू लागला. सातव्या चित्रावर त्यांनी तिला थांबायला सांगितलं.

सातव्यात डावा पाय जमिनीवरून उचललेला होता. उजव्या गुडघ्यावर सगळं अंग आलं होतं आणि तो गुडघा सुटा होता. पंख मांडीकडे निघाला होता, पण पोचला नव्हता. त्या चित्रातल्या शरीराला कशाचाच आधार नव्हता.

"इथे मी पडतोय," ते म्हणाले.

"हो. दर पावलाला. आणि आठव्यात सावरता." तिने आठवं चित्र दाखवलं; पंख मांडीवर टेकला होता. "हे सातवं मी चाळीस वेळा काढलं. आमच्या सरांना वाटलं चुकलंय, असा कोणी उभाच राहणार नाही. मी म्हटलं, राहतात. मी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी सदर बाजारात जाऊन तिने ते चित्र मोठ्या कागदावर छापून आणलं. रत्नाकररावांनी गच्चीवर उन्हात पाट टाकला, कागदाच्या कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, जुनी कंपासपेटी काढली. सारसबाबूच्या टाचेपासून त्यांनी बारीक पेन्सिलीने एक सरळ उभी रेघ वर नेली, मग टाचेपासून खांद्यापर्यंत दुसरी, आणि दोहोंमधला कोन मोजला. पुन्हा मोजला. सतरा अंश भरला.

"तनू," ते म्हणाले, "कारखान्यात इतकी कललेली वस्तू आम्ही टेकू दिल्याशिवाय एक मिनिट सोडली नसती."

मग त्यांनी कोनाच्या पोटात आपल्या सुबक अक्षरांत सतराचा आकडा लिहिला, आणि ऊन भिंतीवर चढेपर्यंत ते त्या कागदासमोरून उठले नाहीत.